बेचाळीस जोड आणि कोरडा पेपर

प्रल्हाद सामंतांचा जगाकडे बघण्याचा नियम सोपा होता: गळत नाही म्हणजे ठीक आहे. खताच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी पाइप टाकले, पाण्याचा दाब चढवला, जोडांखाली वर्तमानपत्र अंथरलं आणि पेपर कोरडा राहिला की सही ठोकली. त्याच कारखान्याने अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-नारळ देऊन त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये ते 'पाइपिंग सल्लागार' होते. कार्डं छापून दीड वर्ष झालं होतं. सल्ला मात्र कुत्र्यानेही मागितला नव्हता. बाथरूमचा नळ तेवढा ठिबकत होता आणि बायकोने, मनोरमाने, तो विषय काढला की ते म्हणत, असली किरकोळ कामं मी घेत नाही.

अशा माणसाकडे भुईगावचा शेल्डन आला. त्याचे वडील कारखान्यात सामंतांच्या हाताखाली होते. वसई पूर्वेला गाळा घेऊन तो बिअर बनवायचा छोटा कारखाना काढत होता. परवाने मिळाले होते, टाक्या आल्या होत्या, मावसभाऊ स्टॅनी पुण्याला बिअर बनवायला शिकून परतला होता. राहिले होते ते पाइप. "अंकल, यातलं मला काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं," शेल्डन म्हणाला. हे वाक्य ऐकायला सामंतांचे कान आसुसले होते. त्यांनी चहाबरोबर चिवडाही मागवला.

पाइप विकणाऱ्या कंपनीत ज्ञानदा नावाची इंजिनिअर होती, सामंतांच्या मुलीच्या वयाची. तिने फोनवर एवढंच सांगितलं, की जर्मन माप घ्या नाहीतर इंचाचं घ्या, पण सगळीकडे एकच घ्या. सामंतांचं टाळकं सरकलं. कालची पोर आपल्याला शिकवते! त्यांनी मुद्दाम व्हॉल्व्ह जर्मन मापाचे निवडले, कारण ते दणकट, आणि पाइप इंचाचे, कारण ते सुबक. दोन्हींच्या तोंडांची कड बाहेरून सारखी होती, जोड आवळणारा वरचा क्लॅम्प दोन्हींना एकच बसत होता. मुलगा एका गावचा, मुलगी दुसऱ्या गावची, पत्रिका जुळल्याशी मतलब, असं त्यांनी शेल्डनला समजावलं.

बेचाळीस जोड झाले. दाब चढवला, खाली वर्तमानपत्र अंथरलं. तासाभराने पेपर इतका कोरडा होता की सामंतांनी तो तिथेच उचलून अग्रलेखासकट वाचून काढला! फादर येऊन टाक्यांवर पवित्र पाणी शिंपडून गेले. शेल्डनने ओळखीच्या हॉटेलवाल्यांना वाटायला सामंतांच्या कार्डांचा गठ्ठा मागून घेतला. त्या दिवशी सामंतांनी रिक्षा केली नाही. वाटेत चार ओळखीचे भेटावेत म्हणून ते चालत घरी आले.

पहिली बिअर शेल्डनच्या आईच्या, एलिसाबाईंच्या, साठीला उघडली. पन्नास माणसांनी घोट घेतला आणि पन्नास ग्लास परत टेबलावर गेले. बिअर चिंचेच्या साराइतकी आंबट होती. कोणी आपल्याकडे बघायच्या आत सामंत बोलू लागले. पाणी टँकरचं असेल. धान्य जुनं असेल. कोणाची मान हलेना, तेव्हा त्यांची नजर स्टॅनीवर गेली.

"हात दाखव बघू," ते म्हणाले.

तिशीतल्या स्टॅनीने शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले. एका नखात काळं होतं. सामंतांनी आवळायला लावलेल्या क्लॅम्पचंच ते ग्रीस होतं, पण सामंत नुसतं "हं" म्हणाले आणि बाकीचं काम पाहुण्यांनी केलं.

दुसऱ्या खेपेचीही बिअर आंबली. शेल्डनने स्टॅनीला घरी पाठवलं. तिसरी खेप त्याने कोपरापर्यंत हात धुऊन स्वतः केली. ती सगळ्यांत आंबट निघाली. मग मात्र त्याने सामंतांना न विचारता ज्ञानदाला बोलावलं.

तिने एक क्लॅम्प सोडला. "काका, बोट घाला आत." सामंतांनी घातलं. व्हॉल्व्हचं भोक मोठं, पाइपाचं लहान, आणि दोन्ही जिथे भेटत होती तिथे सव्वा मिलिमीटरची पायरी होती. त्या पायरीवर जुन्या बिअरचा बुळबुळीत साका धरला होता. कितीही धुतलं तरी तो तिथेच बसून नवी बिअर नासवत होता. अशा बेचाळीस पायऱ्या होत्या.

"पण एक थेंब गळला नव्हता," सामंत म्हणाले.

"नव्हताच," ज्ञानदा म्हणाली. "म्हणून तर आत कोणी बघितलं नाही."

शेल्डनने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने उरलेला कार्डांचा गठ्ठा तेवढा परत दिला, रबरबँडसकट.

घरी येऊन सामंतांनी स्टॅनीला फोन लावला. तो गोव्याला नोकरीला लागला होता. माफीचं वाक्य पाठ केलं होतं, पण तोंडातून निघालं ते पाइपांची मापं, जर्मन, इंच, असलंच काहीतरी.

"अंकल," स्टॅनी मध्येच म्हणाला, "मी हात पुढे केले ना, तेव्हा माझी बायको बाजूला उभी होती."

मग कामाला उशीर होतोय म्हणून त्याने फोन ठेवला. सामंतांना स्वतःची लाज वाटली, बत्तीस वर्षांत वाटली नव्हती एवढी. बाथरूममधून टपटप ऐकू येत होती. एक तरी गोष्ट नीट करावी म्हणून ते उठले, पान्हा शोधला, बाह्या सरसावल्या. दारात मनोरमा उभी होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "प्लंबरला सांगितलंय. आणि तो आला की तुम्ही जरा खाली फिरून या. माणूस चांगला आहे, मला तो टिकवायचाय."