अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

"काय अण्णा, कसं काय?" विचारलं, की लोक तब्येत सांगतात तशी आमचे शेजारी दामूअण्णा बाकी सांगत. "काल त्रेपन्नने भागलं. एकोणीस उरले. दाद देत नाही पठ्ठ्या!"

पठ्ठ्या म्हणजे अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सात एक ओळीने. डोंबिवलीत आम्ही नवं बिऱ्हाड थाटलं, तेव्हा अण्णांनी मला नाव विचारायच्या आधी हा आकडा ऐकवला होता.

"दोनने भागा, तीनने, पाचने, सातने, अकराने, तेराने. दर वेळी एकच उरतो! असा इमानी आकडा दुसरा दाखवा." सतराने मात्र आठ उरतात. म्हणून सतरा तारखेला अण्णा दाढीसुद्धा करत नसत.

गॅलरीच्या भिंतीवर त्यांनी हे सात एक इंग्रजी पद्धतीने, म्हणजे नुसत्या उभ्या रेघा, गेरूने काढले होते. कोपरहून भांडी घासायला येणाऱ्या भिकूबाईला त्या साती आसरा वाटल्या. तिने हळदकुंकू लावून फुलं वाहिली. अण्णा म्हणाले, "वाहा हो, पण यांना भाग जात नाही, एवढं ध्यानात ठेवा."

"देवाला कोन भागनार, अन्ना!" भिकूबाई म्हणाली.

भागायचं अण्णांनी, पण कशाने ते सांगायचं माईंनी. माई म्हणजे अण्णांच्या पत्नी, लग्नाआधी मुलींना गणित शिकवायच्या. काळजाच्या दुखण्याने दोन वर्षं खाटेवर होत्या. मूळ संख्या त्यांना पाढ्यांसारख्या पाठ, एकही कधी सुटायची नाही. रोज संध्याकाळी त्या एक सांगत. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा म्हणाल्या होत्या, "हा आकडा फुटलेला बघितल्याशिवाय मी काही जायची नाही." मी ते हसण्यावारी नेलं.

खरं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे हजाराच्या जरा पुढे गेलं, की तपास संपतो. अण्णांनी तो संपवला आणि पुन्हा दोनपासून सुरुवात केली. "पडताळा नको का करायला?"

मध्यंतरी हिवतापाने मी घरी पडून होतो. कंटाळा आला म्हणून पाटी घेतली आणि भागत सुटलो. दोनशे एकोणचाळीसने अख्खा भाग गेला! चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य. दोनदा गुणून पाहिलं आणि तसाच गॅलरीत धावलो.

"अण्णा, फुटला! दोनशे एको..."

अण्णांनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि मला ओढत जिन्यापाशी नेलं.

"हळू बोला हो! मला पहिल्याच फेरीत कळलंय. तिला सांगितलं, बाकी तीन. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं एकच खोटं बोललो. आज पुन्हा तोच आकडा यायचाय, आणि मला मेल्याला खोटं बोलता येत नाही." मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

एवढ्यात आतून माईंची हाक आली. "अहो, कुठे गेलात? काल दोनशे तेहतीस झालं ना? मग आज घ्या दोनशे एकेचाळीस."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसून म्हणाले, "आलो, आलो!"

मी जिन्यातच बसून राहिलो. आत पाटीवर पेन्सिल करकरत होती.

"बाकी एकशे एक!" अण्णा ओरडले.

"बरं झालं," माई म्हणाल्या. "उद्या दोनशे एक्कावन्न."