सासूबाईंची उडी

एलिएसर बार्रासाला आपल्याच घरात आपलीच रेकॉर्ड सापडत नव्हती, आणि दोष कोणाला द्यावा म्हटलं तर घरात त्याच्याइतका दोषी माणूस दुसरा नव्हता.

रविवारी दुपारी तीन वाजता सामना होता. बार्रांकिया शहरातल्या त्या गल्लीत समोरासमोर दोन पिको होते. पिको म्हणजे कपाटाएवढाले स्पीकर, त्यांच्या तोंडावर भडक रंगांत रंगवलेलं चित्र आणि मागे उभा असलेला मालक, जो स्वतःला महापौरापेक्षा एक पायरी वरचा समजतो. एलिएसरच्या पिकोचं नाव होतं 'काणा कोंबडा'. समोरच्या विल्फ्रिदोचा 'रोबो'. गेली चौदा वर्षं रोबो कोंबड्याला धूळ चारत होता, कारण विल्फ्रिदो बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये चाळीस हजार गाणी घेऊन यायचा आणि एलिएसर तीनशे बारा रेकॉर्डी घरातून हातगाडीवर लादून बाहेर आणायचा. त्याचं पहिलं गाणं लागेपर्यंत लोक घरी जाऊन जेवून यायचे.

पण यंदा गल्लीच्या कार्निव्हल समितीने जाहीर केलं: सामना फक्त रेकॉर्डींवर. पेनड्राइव्ह नाही, लॅपटॉप नाही. हल्लीच्या पोरांना म्हणे सुईची खरखर ऐकायची होती. कालपर्यंत एलिएसरला "अहो म्युझियम!" अशी हाक मारणारी पोरं आता दारात येऊन एखादी रेकॉर्ड नुसती हातात धरू द्या म्हणून विनवत होती. एलिएसर त्यांना आधी हात धुवायला लावायचा. चौदा वर्षांचा सूड तो साबणाने घेत होता.

हरणाऱ्याला शिक्षा जुनीच होती. त्याने अख्खा कार्निव्हल आपल्या पिकोचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं. चार दिवस गल्ली नाचणार, आणि तुमचा कोंबडा चुना बघत उभा.

"यंदाही तसं झालं तर मी पुढचा कार्निव्हल बघणार नाही," एलिएसर बायकोला म्हणाला.

"हाही कुठे बघशील? भिंतच बघशील," नोएमी म्हणाली.

घाबरायचं मात्र काही कारण नव्हतं, कारण एलिएसरकडे 'सासूबाई' होत्या. हे एका आफ्रिकन गाण्याचं नाव. खरं नाव काय, गाणारा कोण, भाषा कोणती, हे एलिएसरलाही ठाऊक नव्हतं. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका खलाशाकडून रेकॉर्ड हातात आली त्याच दिवशी त्याने तिच्या मधल्या कागदावरचं नाव ब्लेडने खरवडून टाकलं होतं. तशी रीतच होती. नाव दिसलं की दुसरा पिकोवाला तीच रेकॉर्ड शोधून आणणार. जे गाणं शहरात एकाच्याच घरी आहे त्याला हे लोक 'एक्सक्लुझिव्ह' म्हणत आणि त्यासाठी भाऊ भावाशी बोलत नसे. गाण्याला 'सासूबाई' हे नाव गल्लीने दिलं, कारण त्या आल्या की कोणी बसून राहत नसे.

एलिएसर नाव खरवडून थांबला नव्हता. हेरांना चकवायला त्याने सगळ्याच रेकॉर्डींची नावं खरवडली. मग त्यांची कव्हरं बदलली. मग एका कार्निव्हलच्या आधी संशय आला म्हणून बदललेली कव्हरं पुन्हा बदलली. आता शुक्रवारी सकाळी तो तीनशे बारा मुक्या काळ्या चकत्यांच्या मध्ये बसला होता आणि त्याला एवढंच आठवत होतं, की सासूबाईंना आपण चौदा वर्षांपूर्वी अशा ठिकाणी ठेवलंय जिथे शहाणा माणूस हात घालणार नाही.

"मग तूच घालून बघ," नोएमी म्हणाली.

"एकेक लावून बघावी लागेल."

"लाव की!"

"लाव काय? समोर विल्फ्रिदो गच्चीवर फोन घेऊन बसलाय! त्या फोनमध्ये ते सोंग आहे. कुठलंही गाणं नुसतं ऐकवलं की नाव, गाव, गाणाऱ्याचा बाप, सगळं सांगतं. त्याच्या कानावर चार सूर पडले तर माझी एवढ्या वर्षांची अब्रू गेली."

म्हणून मग स्पीकर बंद ठेवून रेकॉर्डी ऐकायच्या ठरल्या. आवाज न सोडता रेकॉर्ड फिरवली तरी सुईतून डासाच्या गुणगुणीएवढं गाणं ऐकू येतं. कान मात्र अगदी सुईपाशी न्यावा लागतो. एलिएसर टेबलाच्या एका बाजूला गुडघे टेकून बसला आणि नोएमी दुसऱ्या बाजूला, कारण त्याचा डावा कान कोंबड्याने कधीच खाल्ला होता आणि उजव्याचा भरवसा नव्हता. पस्तीस अंशांच्या उकाड्यात, पंखाही बंद करून, नवराबायको माना खाली घालून बसले होते. शेजारची सेनाइदा तळलेल्या माशांची परात घेऊन खिडकीवरून जात होती. ती थबकली.

"अगं, कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," नोएमी मान वर न करता म्हणाली. "पण हा असाच हळू चालला तर जाईल."

दुपारपर्यंत दोनशे झाल्या. नाताळच्या गाण्यांच्या कव्हरात बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, निघाली, बोलेरोंच्या कव्हरात लष्करी बँड निघाला. नोएमीच्या लग्नाच्या वेळचा वॉल्ट्झ 'डुकरं पाळा, सुखी व्हा' असं छापलेल्या कव्हरात निघाला, आणि त्यावर थोडी बोलाचाली झाली. मग एलिएसरने एका बिशपच्या उपवासावरच्या प्रवचनांचं कव्हर उघडलं, चकती ठेवली, सुई टेकवली, कान नेला. आणि त्याचा चेहरा लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता एवढा उजळला.

"त्याच! नोएमी, त्याच आल्या!"

आनंदात तो ताडकन उठला. सकाळपासून गुडघ्यांवर बसलेल्या चौसष्ट वर्षांच्या माणसाने ताडकन उठू नये. पाय झोपलेले होते. तोल गेला, आधाराला हात टाकला, आणि तो हात पडला नेमका कोंबड्याच्या मुख्य बटणावर.

काणा कोंबडा आरवला. भिंतीचा पोपडा सुटला. दुसऱ्या फेरीला निघालेल्या सेनाइदाच्या हातून परात सुटली आणि मासे मेल्यानंतर प्रथमच उडाले. बटण सापडेपर्यंत अकरा सेकंद सासूबाई गल्लीभर गाजल्या. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत समोरच्या गच्चीवरून विल्फ्रिदोच्या फोनने बारीकसा 'टिंग' आवाज केला.

शनिवारी संध्याकाळी विल्फ्रिदो बसमधून उतरला तेव्हा त्याच्या काखेत चौकोनी चपटं पुडकं होतं. शहराच्या उत्तरेला एक नवं दुकान निघालं होतं, जिथे दाढीवाले तरुण कॉफी पीत जुनी गाणी नव्याने छापलेल्या रेकॉर्डींवर विकत घेत. एलिएसर विल्फ्रिदोच्या मुलीचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता होता. त्यामुळे दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणत आणि वैरसुद्धा अहोजाहो करून सांभाळत.

"कोंपाद्रे," विल्फ्रिदो अगदी मायेने म्हणाला, "उद्या तुमच्या सासूबाई माझ्याकडे येणार हं. नव्या कोऱ्या. एक चरा नाही अंगावर."

एलिएसर घरात आला आणि बूट न काढता पलंगावर आडवा झाला.

"संपलं," तो म्हणाला. "त्याच्या गुळगुळीत. माझ्या लंगड्या. आणि लंगड्या कोणामुळे? त्या झाकणामुळे!"

हे झाकण प्रकरण सगळ्या गल्लीला पाठ होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एलिएसर भर दुपारी सासूबाई वाजवून बघत होता. नोएमीने नारळाचा भात केला होता. तिने जेवायला एक हाक मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. चौथ्या वेळी तिने हाक मारली नाही, भाताच्या पातेल्याचं झाकण मारलं. ते गरगरत आलं आणि थेट फिरत्या रेकॉर्डवर आपटलं. तेव्हापासून गाण्याच्या मध्यावर, गाणारा सूर लांबवत असताना, सुई टुणकन उडी मारून पुढे जायची. एलिएसर तेव्हा अकरा दिवस बायकोशी बोलला नाही. नंतर मात्र येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट सांगून त्याने सगळी कसर भरून काढली.

"झालं तुझं?" नोएमी म्हणाली. "उद्या सामना आहे. बूट काढ. आणि ते रडणं कोंबड्यासमोर नको, रंग निघेल."

रविवारी तीनच्या सुमाराला गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कौल लोकांच्या पायांनी द्यायचा होता. ज्याच्या गाण्याला जास्त लोक नाचतील तो जिंकला. पहिल्या पाळीची चिठ्ठी विल्फ्रिदोची निघाली. त्याने पांढरे हातमोजे घातले, नवी कोरी रेकॉर्ड उन्हात सगळ्यांना दाखवली आणि लावली.

पहिल्या तीन सुरांतच गल्ली ओरडली, "सासूबाई!"

एलिएसरने डोळे मिटले. आवाज काचेसारखा स्वच्छ होता. चौदा वर्षांनी आलेल्या त्या गाण्यावर आज्या नाचायला लागल्या, त्यांच्या मुली नाचायला लागल्या. ज्यांनी ही रेकॉर्ड कधी ऐकलीच नव्हती ती पोरंही नाचायला लागली, कारण घराघरात आया भांडी घासताना हेच गाणं गुणगुणत आल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे सत्तर वर्षांची सेनाइदा होती. गाणं मध्यावर आलं. गाणाऱ्याने सूर लांबवला. आणि सगळ्या गल्लीने, सवयीने, एकदम उडी मारली.

गाण्याने मारली नाही.

गाणारा आपला निवांतपणे सूर लांबवतच राहिला. पाचशे पाय गाण्याच्या आधी जमिनीवर उतरले आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कोणालाच कळेना. कोणी नवऱ्याच्या अंगठ्यावर उतरलं, कोणी दुसरीच्याच नवऱ्याच्या. सेनाइदा सॉसेजवाल्याच्या टोपलीत बसली. गल्ली लंगडत थांबली.

"हे काय लावलंस रे?" सेनाइदा टोपलीतूनच ओरडली.

"सासूबाई!"

"या कुठल्या सासूबाई? या उडी विसरल्या!"

"उडी नाहीच आहे गाण्यात!" विल्फ्रिदो फोन नाचवत म्हणाला. "हे बघा, अस्सल आहे! यात लिहिलंय, नावासकट!"

"मग त्या फोनलाच नाचव!"

हसण्याचा असा फवारा उडाला, की त्यात रोबोचा आवाज बुडाला. एलिएसरने डोळे उघडले. त्याने बायकोकडे बघितलं. नोएमी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने हनुवटीने कोंबड्याकडे खूण केली.

एलिएसरने बिशपच्या प्रवचनांच्या कव्हरातून सासूबाईंना बाहेर काढलं. शर्टाने पुसलं. सुई टेकवली. आधी खरखर आली, कांदा परतल्यासारखी, आणि त्या खरखरीलाच अर्धी गल्ली हसली. मग गिटार आली. लोक बिचकतच नाचायला लागले. कोणाचा विश्वास बसत नव्हता, जो तो आपल्या अंगठ्याला जपत होता. गाणं मध्यावर आलं. गाणाऱ्याने सूर लांबवला, सुई झाकणाच्या खुणेवर आली आणि टुणकन उडाली.

गल्ली उडाली. पाचशे पाय एकदम खाली आले आणि वरच्या तारेवरचे कार्निव्हलचे कागदी झेंडे हलले. कोणीतरी किंकाळी फोडली, मग सगळ्यांनीच फोडली. "पुन्हा!" एलिएसरने पुन्हा लावली. "पुन्हा!" तिसऱ्या वेळी ती उडी मारायला समितीचे अध्यक्ष खुर्ची सोडून आले, आणि त्यांना गुडघ्याचा त्रास होता. पोरं आपापले फोन खिशात घालून दोन्ही हात वर करून नाचत होती. आणि विल्फ्रिदो, तोही शेवटी याच गल्लीत वाढलेला, पांढऱ्या हातमोज्यांसकट उडी मारून खाली आला तेव्हा निकाल सांगायची गरज उरली नाही. त्यानेच रोबोला खांदा लावला आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

एलिएसरने माइक घेतला. पिकोवाला जिंकला की तो आपली, आपल्या पिकोची आणि आपल्या रेकॉर्डींची स्तुती करतो. निदान पंधरा मिनिटं. एलिएसरने ते केलं नाही. तो एवढंच म्हणाला, "गाणं कोणाचं ते मला आजही माहीत नाही. उडी मात्र माझ्या बायकोची आहे. इतकी वर्षं मी तिला त्या झाकणावरून बोललो. मी गाढव आहे."

"मोठ्याने बोल!" नोएमी गर्दीतून ओरडली. "मागच्यांना ऐकू आलं नाही!"

कोंबड्याच्या पूर्ण आवाजात एलिएसर बार्रासाने आपण गाढव असल्याचं शहराला दुसऱ्यांदा सांगितलं. एवढ्या टाळ्या त्याला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या.

सोमवारी दुपारी विल्फ्रिदो दारात आला. काखेत तीच नवी कोरी रेकॉर्ड होती. तो बराच वेळ हवेबद्दल बोलला, मग आपल्या मुलीबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल.

"कोंपाद्रे, असं म्हणत होतो," तो शेवटी म्हणाला, "नोएमीवहिनींना वेळ असेल, आणि ते झाकण अजून असेल, तर हिलाही एक... हलकासा..."

एलिएसर उंबऱ्यात दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"झाकण हवं तर घेऊन जा, कोंपाद्रे. हात मिळणार नाही. हात एक्सक्लुझिव्ह आहे."

"एलिएसर! भात झालाय!" आतून हाक आली.

एलिएसर पहिल्याच हाकेला आत पळाला. झाकण अजून तिच्या हातात होतं.