दस्तगीरचाचांच्या कानातला कापूस

दस्तगीर चपराशी यांच्यावर अन्याय झाला तो तीर महिन्याच्या दुसऱ्या जुम्म्याला. तीर म्हणजे निजामाच्या सरकारी पंचांगातला भर उन्हाळ्याचा महिना. दुपारची नमाज आटोपून माणसं घराकडं निघाली होती आणि तुळजापुरात सोलापूरची यात्रेची मोटार नुकतीच येऊन थांबली होती. जागा म्हणाल तर मोटारी थांबतात तिथला लिंब. अन्याय कुणी केला तेही माझ्याकडं तयार आहे, पण त्याला थोडा वेळ आहे. पत्रक लिहिताना आम्ही आधी अन्याय सांगतो, माणूस सांगायची गरज सहसा पडत नाही. इथं पडणार आहे. कारण हा माणूस चालू घडामोडींचा अभ्यास कानात कापूस घालून करत असे.

चाचांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. कचेरीत साहेबाच्या दाराशी उभं राहण्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. त्यांना अहलकार, म्हणजे कारकून व्हायचं होतं. मोठी आकांक्षा नव्हे. दाराच्या बाहेर उभं राहतो तो आत बसावा, एवढीच. त्यासाठी दरवर्षी आबान महिन्यात, पावसाळा सरता सरता, धाराशिवला इम्तिहान होई. अक्षरात चाचा पास, हिशेबात पास, कायद्यात पास. एकच पेपर त्यांना दरवर्षी पाडायचा. त्याचं नाव हालाते हाजरा. चालू घडामोडी.

आता तुम्हाला वाटेल, माणूस अडाणी असेल. उलट होतं. चाचांना फार ताजं माहीत असायचं, हाच घोटाळा.

पहिल्या वर्षी प्रश्न आला की अव्वल तालुकदार कोण, म्हणजे जिल्ह्याचा मोठा साहेब कोण. जुन्या साहेबाची बदली होऊन नवा साहेब आदल्या दिवशीच धाराशिवला उतरला होता. परीक्षेला गेलेल्या चाचांचा पट्टा पाहून कुणीतरी त्यांनाच हाक मारली आणि साहेबाचा बिछाना त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून बंगल्यात नेला. दुसऱ्या दिवशी चाचांनी नव्या साहेबाचं नाव लिहिलं. पुरावा म्हणून बिछान्याचा रंगही लिहिला. नापास. पेपर हैदराबादेत तीन महिने आधी निघालेला, तपासणाऱ्याजवळची उत्तरंही तेव्हाचीच. त्या उत्तरांत जुनाच साहेब राज्य करत होता.

पुढच्या वर्षी तेच लढाईच्या प्रश्नात झालं. त्यातून चाचांनी एक सिद्धांत काढला आणि तो मला भिंतीवरून ऐकवला. "बातमी म्हंजे खरबूज न्हाय माधू, कापलं की खाल्लं. बातमी लोणच्यावानी असती. मुरू द्यावी लागती."

तेव्हापासून नियम पडला. नऊ महिने बातम्या गोळा करायच्या. शहरेवर महिन्याची पहिली तारीख आली, पेरण्या उरकल्या, की कान बंद. जळकोटच्या मेहुण्याच्या रानातला कापूस, स्वच्छ पिंजून, दोन बोळे. परीक्षेपर्यंत जगात काहीही होवो, चाचांच्या जगात होणार नाही.

ते नऊ महिने गावाला सोपे नव्हते. आमच्या मुलखात इंग्रजी हद्दीतली वर्तमानपत्रं आणायला बंदी. पण देवीला येणाऱ्या माणसांच्या तोंडाला बंदी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. सोलापूरची मोटार आली की चाचा लिंबाखाली हजर. कुणी देवळाची वाट विचारली तर आधी लढाई कुठवर आली ते सांगायचं, मग वाट. दमलेली माणसं सुटका व्हावी म्हणून काहीही सांगत. चाचा ते वहीत लिहीत आणि शेजारी खबर देणाऱ्याची पारख करून ठेवत. 'लाल लुगड्याची बाई, पाच लेकरं, फार थकलेली, निम्मं धरावं.' 'बार्शीचा व्यापारी, कसम खाल्ली, पण हसत होता.' असल्या सात वह्या मी पाहिल्या आहेत.

"हवाला?" हा त्यांचा आवडता शब्द. म्हणजे, ह्याला आधार काय? आभाळ आलंय म्हटलं तरी हवाला. रहमतचाची एकदा म्हणाल्या, दूध नासलं. चाचा म्हणाले, हवाला? चाचींनी पातेलंच नाकाखाली धरलं आणि म्हणाल्या, "घ्या हवाला. अन् आता बिनदुधाचा च्या घ्या."

मी निजामाविरुद्धच्या चळवळीत पडलो आणि पत्रकं लिहायला लागलो तेव्हा माझा पहिला वाचक हाच. सरकारी पट्टा खांद्यावर आणि हातात माझं बंदीतलं पत्रक. 'ह्या जुलमी राजवटीत एकही माणूस एकही दिवस सुखी नाही,' असं मी लिहिलं होतं. चाचांनी समासात पेन्सिलीनं टिपलं, 'हवाला? मी गेल्या मंगळवारी सुखी होतो.' मला संताप आला. जनतेचा आवाज आणि हा माणूस मंगळवार काढतो. मी भांडलो. ते म्हणाले, लिही की जुलूम हाय म्हून, पर ज्याच्यावर झाला त्याचं नाव लिही, दिवस लिही, जागा लिही. ह्या लेखाचं पहिलं वाक्य कुठून आलं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. उर्दू वाचायलाही त्यांनीच मला शिकवलं, परीक्षेच्या जुन्या पेपरांवरून. त्यामुळं मला बोलता फारसं येत नाही, पण प्रश्न विचारता येतात.

कान बंद झाले की गावाला सुगी. पानवाला हातवाऱ्यांनीच कुठलाकुठला राजा मेल्याचं दाखवायचा. हजामानं तर कहरच केला. जपानशी लढाई चालली होती त्या साली, अर्धी दाढी झाल्यावर त्यानं हळूच एक बोळा उपसला आणि कानात सांगितलं, जपाननं हत्यार टाकलं. चाचा अर्ध्या दाढीनं उठले आणि घरी गेले. उरलेली अर्धी दाढी परीक्षा झाल्यावर केली. आणि पेपरात नेमकं विचारलं, लढाईची स्थिती काय? चाचांनी लिहिलं, चालू आहे. त्या वर्षी नेमका पेपर उशिरा निघाला होता. नापास.

अहो पण तुम्हाला माहीत होतं ना, मी विचारलं. हजामानं सांगितलं होतं.

"ते मला शहरेवरनंतर कळालं. शहरेवरनंतरचं मी धरत न्हाय."

"मग नापास झालात की."

"झालो. पर लबाडीनं पास न्हाय झालो."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता तो जुम्मा. माझ्यावर वारंट निघालं होतं. आमची चळवळीतली पोरं सोलापूरच्या बाजूला हद्दीपलीकडं राहत होती आणि मी यात्रेकरू होऊन मधूनमधून आत येत होतो. त्या दुपारी मोटारीतून उतरलो तो कपाळाला मळवट, हातात परडी, परडीत खणानारळाखाली पत्रकं. समोर लिंबाखाली चाचा. मला केवढा आनंद झाला. आठ दिवस मी धड कुणाशी बोललो नव्हतो. मी जवळ गेलो आणि पुटपुटलो, "चाचा, माझा मुक्काम जळकोटला..."

चाचांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग खिशात हात घातला, दोन बोळे काढले आणि माझ्या तोंडासमोर दोन्ही कानांत खुपसले. शहरेवरला दीड महिना बाकी होता. त्यांनी पाठ फिरवली आणि कचेरीची वाट धरली.

चळवळीतल्या माणसाला शिव्या चालतात, काठी चालते. पाठ चालत नाही. त्याच आठवड्यात माझं पत्रक निघालं. त्यात हे वाक्य होतं: 'सरकारी पट्टा मिरवणारे काही महाभाग जनतेचा आक्रोश ऐकू येऊ नये म्हणून कानांत कापूस घालून हिंडतात. तुळजापूरकरांनो, त्यांना ओळखून ठेवा.' नाव घातलं नव्हतं. साऱ्या तालुक्यात कानात कापूस घालणारा माणूस एकच होता, नाव कशाला हवं? पत्रक हातोहात खपलं. लोकांना ते वाक्य पाठ झालं. मला त्याचा अभिमान होता.

मग पावसाळा संपता संपता हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि मी हार घालून घेत गावात आलो. इम्तिहान घेणारं सरकारच उरलं नव्हतं. चाचा मात्र कचेरीच्या दाराशी तसेच उभे होते, कानांत कापूस घालून. लोक सांगत, चाचांना अजून वाटतं परीक्षा व्हायचीय. हसत. मीही हसलो.

यंदा हुकूम आला की जुन्या चपराशांपैकी जे लायक असतील त्यांना कारकून करून घ्यावं. मला वाटलं, झालं गेलं सोडून द्यावं, शेजारी आहे, शब्द टाकावा. नव्या साहेबांकडं गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि दस्तगीरची मिसल, म्हणजे कागदपत्रांची फाइल, माझ्यापुढं सरकवली. त्यात दोनच कागद नडत होते.

पहिला कागद उर्दूत होता. तो अमीनानं, म्हणजे तेव्हाच्या पोलीस अंमलदारानं घेतलेला जबाब. तीरच्या त्या जुम्म्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. तो मी जागच्या जागी वाचला, चाचांनीच शिकवलेल्या उर्दूत. अमीन विचारतो, फरारी माधव मोटारीतून उतरला तेव्हा तू तिथं होतास, तो कुठं गेला? जबाब असा: कान बंद केल्यानंतरचं मी काही धरत नाही, इम्तिहान आहे. अमीन विचारतो, कान कधी बंद केलेस? काल दुपारी. मग त्याला पाहिलंस की नाही? पाहणं हीसुद्धा बातमी आहे, कान बंद झाल्यावर मी बातमी घेत नाही. अमीन विचारतो, आज वार कोणता ते तरी ठाऊक आहे का? जबाब: माझ्याकडं अजून जुम्मा आहे.

खाली अमीनाचा शेरा आणि शिक्का. 'हा इसम हालाते हाजऱ्याबद्दल पूर्ण बेखबर असल्याचं स्वतः कबूल करतो. सबब इम्तिहानाच्या यादीतून नाव कायमचं कमी.'

दुसरा कागद माझं पत्रक होतं. त्या वाक्याखाली लाल रेघ मारलेली.

साहेब म्हणाले, पहिला कागद आम्ही सोडला असता, जुन्या अंमलातला आहे. "पण हे तर तुमचंच पत्रक ना? असल्या माणसाला आत कसं घ्यायचं?"

तर, अन्याय कुणी केला. मी केला. नाव माधव, राहणार तुळजापूर, अन्याय करणाऱ्याच्या घराची भिंत अन्याय झालेल्याच्या भिंतीला लागून.

मी तसाच दाराशी आलो. चाचांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी कापूस काढला, आणि मी विचारलं की हे मला सांगितलं का नाही.

"तू इचारलंस कुठं? तू तर छापलंस," ते म्हणाले. रागानं नव्हे. चूक दुरुस्त करावी तसे. "तुझा मुक्काम मला कळला असता तर अमीनापुढं मला दडवता आला नसता. लबाडी येत न्हाय मला. म्हून ऐकलाच न्हाय."

"जळकोट तर ऐकलं होतंत."

"जळकोट मोठं हाय. माझा मेहुणा बी तिथंच ऱ्हातो."

मी म्हणालो, पण आता कापूस कशाला? आता अमीन नाही, परीक्षा नाही.

चाचा थोडा वेळ बोळे बोटांत फिरवत राहिले. ते मळून काळे झाले होते. फौजा आल्यानंतर बाजारात लोक मुसलमानांना काय काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या गल्लीतली माणसं चाचींना विहिरीवर काय बोलली तेही मला नंतर कळलं.

"ऐकलं तर वहीत लिवावं लागंल," चाचा म्हणाले. "मी तीरच्या दुसऱ्या जुम्म्यावर थांबलोय, माधू. तवा समदे बोलत हुते माझ्याशी."

आणि पुन्हा कापूस घातला.

म्हणून हे लिहितो आहे. माझं ते पत्रक ज्यांनी जपून ठेवलं असेल, आणि बऱ्याच जणांनी ठेवलं आहे, त्यांनी ते घरातून काढावं. त्या वाक्यावर काट मारावी आणि समासात लिहावं, हे खोटं आहे. येत्या सोमवारी दस्तगीरचाचांच्या अर्जावर पुन्हा सुनावणी आहे. तो कागद घेऊन कचेरीत या. मी एकटा आलो तर साहेब मला फक्त चहा देतील.

आणि आत जाण्याआधी दारात थांबा. चाचांच्या खांद्याला हात लावा, ते कापूस काढीपर्यंत उभे राहा, आणि त्यांना एक बातमी सांगा. कुठलीही, पोर झाल्याची, पाऊस पडल्याची, म्हैस व्याल्याची. ते विचारतील, हवाला?

माझं नाव सांगू नका. ते वहीत निम्मंच धरलं जातं. तुमचं सांगा.