दोन कंपन्यांचे गजभिये

माझ्या लग्नात गजभिये साहेबांनी भरली पंगत उठवली होती. वरपक्ष एका बाजूला, वधूपक्ष दुसऱ्या बाजूला, हे त्यांना बघवेना. "एक यांच्यातला, एक त्यांच्यातला, असे बसा जी," म्हणत त्यांनी माझ्या सासूबाईंना थेट माझ्या मामांशेजारी नेऊन बसवलं. मामा अजून सांगतात, त्या दिवशी जिलबी घशाखाली उतरली नाही.

त्यांचा तरी काय दोष, कामच तसं होतं. पुण्यात रोज नवी सॉफ्टवेअर कंपनी निघण्याचे ते दिवस. भोसरीतला एक पंपांचा कारखाना आणि खराडीतली आमची कंपनी मिळून वीज वाचवणारा पंप तयार करत होते. पंप त्यांचा, तो चालवणारा प्रोग्राम आमचा, आणि दोघांचा मेळ घालायला दोघांनी मिळून नेमलेले, मूळचे नागपूरचे गजभिये. बैठकीत एकाच कंपनीची दोन माणसं शेजारी दिसली की ते एकाला उठवत. "शेजारी बसले की कुजबुजतात. कुजबुजले की लपवतात."

लपवत तर आम्ही होतोच. पंप तासाभरात तापून बंद पडायचा. कारखान्याचे लिमये म्हणत, "तुमचा प्रोग्राम फारच हुशार आहे, पंपाला झेपत नाही." आम्ही मोटारीला नावं ठेवायचो. चाचण्यांचे आकडे मात्र कोणीच दाखवेना. शेवटी वरिष्ठ वैतागले. महिन्यात पंप चालला नाही, तर एकत्र काम बंद.

गजभिये हट्टाला पेटले. रोज सकाळी खराडी, दुपारी भोसरी, स्कूटरवरून.

"आपण पुन्हा? काल काही विसरलात का?" लिमयांनी विचारलं.

"हो जी. तुमचे आकडे," म्हणून ते तिथल्या बाकावर बसून राहिले. असे चार दिवस. पाचव्या दिवशी लिमयांनी वही दिली. ती पाहिल्यावर आम्हीही आमची काढली. चूक अर्ध्या तासात सापडली. थोडी त्यांची, थोडी आमची.

पंप आठवडाभर न थांबता चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या कंपनीने हॉटेलात जेवण दिलं, कारखान्याने कॅन्टीनमध्ये श्रीखंड-पुरी केली. गजभिये आमच्याकडे दिसले नाहीत. तिकडे असतील, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी लिमयांचा फोन आला. "आमच्या गजभियांना जेवू घातलंत ना नीट?"

"म्हणजे, ते तुमच्याकडे नव्हते?"

 गजभियांना बोलवायचं दोन्हीकडे राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चाचणीच्या शेडमध्ये गेलो. गजभिये चालत्या पंपाजवळ स्टुलावर बसले होते. कालही तिथेच होते, डबा खाऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिमये माफी मागू लागले, तर गजभियांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"अहो, सोडा जी. मीच काल सकाळपासून विचारात होतो, दोन्हीकडून बोलावणं आलं तर आधी कुणाकडे जाऊ? दुसऱ्याला वाईट वाटलं असतं."