देशकरकाकांची यादी

देशकरकाका दर मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे येत, ते माझ्या गप्पा ऐकायला, असा माझा तीन वर्षं समज होता. ऑफिसात तसं सांगूनही झालं होतं.

काका खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत तपासनीस होते. निवृत्तीनंतर विजय नगरात आमच्या मागच्या गल्लीत एकटेच राहतात. आले की मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवणार आणि बरोबर पंधरा मिनिटांनी उठणार.

एकदा मी म्हटलं, "काका, पैसे लावायला एखादी चांगली कंपनी सांगा."

"निवडतो काहून? निवडणारा चुकते, भैया. इंडेक्स फंड घे. छोट्या कंपन्या, त्यातही ज्यांना बाजार विचारत नाही अशा. कमाईच्या मानानं स्वस्त. नियमानं यादी बनते, यादीतल्या सगळ्या थोड्या थोड्या घ्यायच्या."

"सगळ्या? त्यात भंगारही येईल!"

"येतेच. काही बुडतात, काही वर्षानुवर्षं पडून राहतात. कोणती वर येईल ते ना तुला माहीत, ना मला. म्हणून सगळ्या."

"आणि वर आली की?"

"मोठी झाली, महाग झाली, की यादीतून बाहर! तिच्या जागी दुसरी छोटी."

मी सहज विचारलं, "आपल्या कॉलनीतल्या डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर तुम्ही कधी दिसत नाही?"

"तिथं सगळेच जातात. मी यादीतल्या घरी जाऊन राहिलो. सोमवारी पोस्टातले तिवारीजी, त्यांना ऐकू येत नाही. बुधवारी जोशीबाई, त्यांच्याशी कोणी बोलत नाही. मंगळवारी तू."

स्वयंपाकघरात माझी बायको सुनीता खुदकन हसली.

यंदा मी कॉलनीच्या समितीचा सचिव झालो. नळ, नाली, कुत्री, सगळ्या तक्रारी आमच्या सोफ्यावर येऊन बसू लागल्या. काका मात्र येईनासे झाले. आज दूध घेताना भेटले.

"काका, रागावले का?"

"अरे नाही! तू मोठा झाला. तुझा मंगळवार चौहानजींना दिला, त्यांची बायको गेली ना." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "पण पाय तुझ्याच गल्लीत वळतात कधी कधी. चलो, आदत आहे."

घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, "ऐकलंस? एकदाचा मी महाग झालो."

सुनीतानं गॅस बंद केला. "आणि काका कोणाच्या यादीत आहेत?"

मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"चप्पल घाला, मीही येते," ती म्हणाली. "आणि घड्याळ घरीच ठेवा."