मागून ढकलणारी गाडी

मल्हारी मास्तरांशी कोणाची नवी ओळख करून दिली, की ते त्याचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. एकच विचारतात, "पुढून ओढतो का मागून ढकलतो?"

माझ्या मेहुणीला बघायला मुलगा आला होता. शेजारी म्हणून मास्तरांनाही बोलावलं होतं. मुलानं कपाला ओठ लावला न लावला तोच मास्तरांनी हा प्रश्न त्याच्या तोंडावर टाकला. तो बिचारा सरकारी नोकरीतला. गोंधळून म्हणाला, "मी फायली पुढं ढकलतो." मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "मागून ढकलणारा हाय. द्या पोरगी!" पोरगी दिली. संसार उत्तम चालला आहे, आणि याचं श्रेय मास्तर आजतागायत घेतात.

प्रश्नाचं मूळ त्यांच्या गाडीत आहे. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांनी एक जुनी स्टेशन वॅगन आणली. अजिंठ्याच्या वाटेवर कुठलंसं अतिथिगृह बंद पडलं, तिथं ती पाहुण्यांचं सामान वाहायची. रंग कोणे एके काळी पांढरा. पुढून पाहिली तर साधी मोटार, पण मागं बघत जावं तर ती संपतच नाही. गुलमंडीमागची आमची गल्ली अशी, की समोरासमोर दोन म्हशी आल्या तर एकीला कोणाच्या तरी ओसरीवर चढावं लागतं. मध्येच काटकोनात एक वळण. त्या वळणापलीकडं मास्तरांचं घर, आणि ही गाडी थेट दारात! कोपऱ्यावरचे वेल्डिंगवाले सलीमभाई पहिल्या दिवशी दुकानाबाहेर येऊन म्हणाले होते, "मास्तर, ये गाडी है के बारात?"

नेमकी तेव्हाच मी नवी छोटी गाडी घेतली होती. पेढे घेऊन मास्तरांकडं गेलो. त्यांनी पेढा खाल्ला, गाडीखाली वाकून पाहिलं आणि बाप मेल्यासारखा चेहरा केला.

"म्होरून वढती की हो ही!"

"मग? आता सगळ्या अशाच येतात."

"भाऊ, मेंढरं कशी चालत्यात?"

मी म्हणालो, चार पायांवर. मास्तरांनी माझ्याकडं नापास मुलाकडं पाहावं तसं पाहिलं. ते करमाडकडच्या धनगराच्या घरातले. बापानं, आज्यानं मेंढरंच राखली. "धनगर कळपाच्या मागं असतो. मागून हाकायचं. म्होरच्या मेंढरानं वढायचं नाय, निस्तं वळायचं. म्हणून आख्खा कळप एका बांधावरून फिरतो. माझ्या गाडीला मागची चाकं ढकलत्यात, म्होरची निस्ती वळत्यात. तुमच्या गाडीत म्होरच्या चाकांनी वढायचं बी आन् वळायचं बी. एका कारकुनाकडं दोन खाती दिली तर काय हुतं? दोन्ही बोंबलत्यात."

मला हे पटलं नाही. पटलं नाही की मला झोप लागत नाही, हा माझा स्वभाव. मी त्यांना शाळेच्या मैदानावर घेऊन गेलो. कबड्डीच्या आखणीसाठी ठेवलेली फक्की मागून आणली आणि जमिनीवर दोन रेघा मारल्या. एवढ्या जागेत गाडी फिरवायची. माझी छोटी गाडी पूर्ण वळण घेऊनही पलीकडच्या रेघेवर चढली, मागं घ्यावी लागली. मास्तरांनी आपलं ते लांबलचक प्रकरण आणलं, स्टिअरिंग गरागरा फिरवलं. पुढची चाकं एवढी तिरपी झाली, की मला वाटलं आता निखळतात. आणि गाडी एका दमात फिरून रेघेच्या आतच उभी राहिली. मी दोनदा खाली वाकून चाकं पाहिली. मास्तर खिडकीतून म्हणाले, "बघा, बघा. फुकट हाय."

त्यांचा दुसरा नाद म्हणजे गाडी उलटी आणणं. हमरस्त्यावर थांबायचं, मान मागं वळवायची, आणि गाडीचं बूड पुढं करून आख्खी गल्ली पार करायची. गाडी अशी लावायची, की मागचं फाळकं उघडलं तर ते थेट उंबऱ्यावर यावं. जमलं नाही तर पुन्हा गल्लीबाहेर आणि पुन्हा आत. संध्याकाळी बायका भाजी निवडत हा खेळ बघत बसायच्या. मास्तरीण जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. म्हातारा वेळ घालवतोय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग गल्लीवर संकट आलं ते रिक्षांचं. गर्दी चुकवायला त्या आमच्या गल्लीतून सुसाट घुसायला लागल्या. बैठक झाली, गल्लीच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवायचे ठरले. काम सलीमभाईंकडं. खांबांमधून रिक्षावाल्यांना भरधाव घुसता येऊ नये, एवढंच अंतर ठेवायचं. मास्तर उभे राहिले. एरवी बैठकीत चहापुरतं बोलणारा माणूस.

"माझी गाडी दारापत्तुर आलीच पायजे."

कोणीतरी म्हणालं, रस्त्यावर लावा की मास्तर. त्यांचा मुलगा तर फोनवरून सांगत होता, की ते धूड विकूनच टाका.

"दारापत्तुरच," मास्तर म्हणाले. "न्हाई तर ती गाडी काय कामाची?"

शेवटी सलीमभाईंनी तोडगा काढला. खांबांच्या जागी दोन पिंपं ठेवू. मास्तरांनी पिंपाला न लागता गाडी आत नेली तर अंतर तेवढंच राहील. लागली तर खांब आणखी जवळ रोवू आणि गाडी बाहेर.

रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली. मास्तर आले ते थेट माझ्याकडं. "भाऊ, मागं चला. बसायचं नाय, आडवं व्हायचं."

"आडवं?"

"मुडद्यावानी गप पडा. डोस्कं हाललं तर सांगा."

मागची सीट पाडलेली होती. खाली जाड गादी, तिच्यावर घोंगडी. लोकरीचा उग्र वास येत होता. मी छताकडं बघत पडलो. गाडी उलटी सरकायला लागली. बाहेर सलीमभाई ओरडत होते, "हौ, हौ, आने दो! बस, बस!" पिंपं गेली. वळण आलं. एका भिंतीवरून मांजर माझ्याकडं बघत होतं, इतकी भिंत जवळ. गाडी एका दमात वळली. मग गटारावर हलकासा दणका बसला आणि थांबली. टाळ्या पडल्या. सलीमभाईंनी फाळकं उघडून जाहीर केलं, "पास!"

मास्तरांचं टाळ्यांकडं लक्षच नव्हतं. "हाललं का?"

"गटारावर थोडं. मानेला जरासा झटका बसला."

त्यांचं तोंड उतरलं. परीक्षेत पास झालेला माणूस गटारापाशी उकिडवा बसून फरशीची भेग बोटांनी चाचपत राहिला. सलीमभाईंनी त्याच दिवशी तिथं सिमेंट भरलं. कशासाठी, हे त्यांनाही कळलं नव्हतं, मलाही नाही.

पुढच्या रविवारी मी मास्तरांना म्हणालो, मी येतो तुमच्याबरोबर. दर रविवारी ते गाडी घेऊन एकटेच कुठंतरी जात; कुठं, ते मला बघायचंच होतं. नको म्हणाले नाहीत.

करमाडच्या अलीकडं आत वळलो. पत्र्याच्या घरापुढं बाजेवर एक म्हातारा निजला होता. मास्तरांचा थोरला भाऊ, धोंडीबादादा. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, वाचाही गेलेली. पाठ धरत नाही, म्हणून बसवता येत नाही. पुतण्यानं आणि मास्तरांनी त्याला गादीसकट उचलून गाडीत निजवलं. तिथून हळूहळू माळावर. तिथं पुतण्याच्या बायकोनं कळप आणला होता. मास्तरांनी गाडी उलटी फिरवून बूड कळपाकडं केलं आणि फाळकं उघडलं. उंच उशीवर डोकं ठेवून निजलेला दादा थेट मेंढरांकडं बघत होता. एक मेंढी जवळ आली. त्यानं चालता हात तिच्या पाठीवर ठेवला. तास दोन तास आम्ही तिथं होतो.

"दोघांतल्या एकालाच शाळेत घालायचं ठरलं," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "हा माझ्याहून हुशार. आबानं यालाच इचारलं. हा म्हनला, मल्हारीला धाडा, मेंढरं मी बघतो. मी जायचं नाय म्हून रडत होतो तर ह्यानं मागून ढोसत शाळेच्या दारापत्तुर नेलं."

निघताना ते भावाशी वाकले. "दादा, येतूस का माझ्याकडं ऱ्हायला? गाडी पार उंबऱ्याला लागती. गल्लीतनं उचलून न्यावं लागायचं नाय. गटारावरची भेग बी बुजवली."

दादानं बराच वेळ मेंढरांकडं पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"बरं. फुडच्या रविवारी इचारतो."

गल्लीत मास्तरांनी रिकामी गाडी पाठमोरी आणून उंबऱ्याला लावली आणि मला पाणी प्यायला आत बोलावलं. पुढच्या खोलीत खिडकीशी बाज होती, धुतलेली चादर ताणून घातलेली. मास्तर तिच्यावर आडवे झाले, अगदी उताणे, हात अंगाशी धरून. खिडकीतून बघत राहिले.

"निस्ती भिंत दिसती, भाऊ. दादाला इथं दाखवावं काय?"

मला एकदम सुचलं. "सलीमभाईंच्या दोन शेळ्या दुकानामागं असतात. दिवसा त्या या भिंतीपाशी बांधायला सांगू. नाही म्हणायचे नाहीत ते."

मास्तर ताडकन उठून बसले. "शेळ्या?" मेंढरं राखणाऱ्याच्या सात पिढ्यांचा तिरस्कार त्या एका शब्दात होता. "शेळी लई आगाव जात."

मग ते परत आडवे झाले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "पर इचारून बघा. आजच इचारा."