आपका अपना शैलेंद्र

शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता शैलेंद्र पागे यांनी जाहीर केलं, "सिंधू, लिहून ठेव! आजपासून कोलार रोडवरचा प्रत्येक माणूस मला नावानं ओळखणार!"

"ओळखतातच की," सिंधूताई म्हणाल्या. "कालच खालच्या जोशीबाई विचारत होत्या, पागेजी दिवसभर जिन्यात का फिरत असतात म्हणून."

ते खरंच होतं. कारखान्यातली नोकरी वेळेआधी सोडल्यापासून शैलेंद्ररावांचं बूड एका जागी टेकत नव्हतं. पंखा लावायचे, बंद करायचे, परत लावायचे. मग त्यांनी 'पागे पेस्ट कंट्रोल' काढलं. झुरळं, ढेकूण, वाळवी, जे काही चालतं-सरपटतं ते सगळं मारायचं. औषधं आणली, फवारणीचा पंप आणला, ड्रिल आणलं. फक्त गिऱ्हाईक यायचं राहिलं. फोन वाजला की ते गॅलरीतून उडी मारल्यासारखे धावायचे, आणि पलीकडून कोणीतरी क्रेडिट कार्ड देऊ करायचं.

गेल्या आठवड्यात ते एका फुकट व्याख्यानाला जाऊन आले होते. तिथं कोटातला एक तरुण म्हणाला होता, "लोग कंपनी से नहीं, इन्सान से ख़रीदते हैं! अपना प्रोफाइल पर्सनल बनाइए!" ते वाक्य शैलेंद्ररावांच्या डोक्यात असं घुसलं की रात्री झोपेतसुद्धा ते "पर्सनल, पर्सनल" म्हणत कूस बदलत होते.

पोहे संपायच्या आत काम सुरू झालं. फेसबुकवर पेज निघालं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा गणपतीचा फोटो गेला आणि तिथं शैलेंद्रराव आले. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, हातात पंपाची नळी आणि चेहऱ्यावर सीमेवर निघाल्याचा भाव! दहा वेळा फोटो बदलला. शेवटी पहिलाच ठेवला. मग आली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कोणीही मेसेज केला की त्याला आपोआप जाणारं उत्तर. इथली गिऱ्हाइकं हिंदी बोलणारी, म्हणून ते हिंदीत हवं आणि वाचणाऱ्याला घरचं वाटायला हवं. शैलेंद्ररावांनी जीव ओतून लिहिलं:

"नमस्कार! घबराइए नहीं। आपके घर में जितने भी हैं, छोटे, बड़े, बुज़ुर्ग, अंडे समेत, सबका इंतज़ाम एक ही बार में कर दूँगा। पड़ोसियों को भनक तक नहीं लगेगी। मैं ख़ुद आऊँगा। आपका अपना, शैलेंद्र।"

"वा!" ते स्वतःलाच म्हणाले, फोन टेबलावर चार्जिंगला लावला आणि स्कूटरसाठी स्टिकर छापायला निघून गेले. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. धंद्याचा नंबर तोच घरचा नंबर होता. आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी, शिवाजी नगरहून धारकर मंडळी त्यांच्या मुलीला, शमिकाला बघायला येणार होती.

बघायला म्हणजे नावापुरतंच. धारकरांचा केदार आणि शमिका एकाच बँकेत होते आणि त्यांचं आपापसात केव्हाच ठरलं होतं. अडचण होती ती केदारच्या वडिलांची. मनोहर धारकर सरकारी खात्यात मोठे अधिकारी. इतके कमी बोलायचे की त्यांच्या ऑफिसात लोक त्यांच्या खोकल्यावरून फाइल मंजूर झाली की नाही ते ओळखायचे!

शैलेंद्रराव स्टिकर घेऊन परतले तेव्हा दारातच सिंधूताई स्वतःचा फोन उगारून उभ्या होत्या.

"हे काय लिहिलंय तुम्ही मला?"

"मी? काय लिहिलं?"

"मी मेसेज केला, उद्यासाठी कप कमी पडतील, येताना घेऊन या. तुमचं उत्तर बघा! बुज़ुर्ग, अंडे समेत! अहो, कोणाचा इंतजाम करताय?"

"अगं, ते आपोआप जातं! गिऱ्हाइकांसाठी आहे. फोन तर घरीच होता."

"मग आणखी कोणाकोणाला गेलंय ते बघा आधी!"

शैलेंद्ररावांनी टेबलावरचा फोन उचलला आणि पुढच्याच क्षणी ते वेताच्या मोड्यावर बसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ते स्वतःहून बसत होते, त्यामुळे सिंधूताई जास्तच घाबरल्या.

मनोहर धारकरांचा मेसेज होता. "उद्या येतो. आम्ही सहाजण आहोत. वडीलही आहेत. वय शहाऐंशी."

त्याखाली, क्षणाचाही विलंब न लावता: "घबराइए नहीं। छोटे, बड़े, बुज़ुर्ग, अंडे समेत..."

धारकर: "समजलं नाही."

"घबराइए नहीं..."

धारकर: "म्हणजे आपण इकडे येणार?"

"...मैं ख़ुद आऊँगा। आपका अपना, शैलेंद्र।"

धारकर: "ठीक."

त्या 'ठीक'लाही उत्तर गेलं होतं.

एवढ्यात शमिका आतून आली. तिनं फोन घेतला, वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, केदारला हा विषय घरी काढायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आणि तुम्ही त्याच्या आजोबांना मारायची सुपारी घेतलीत?"

"थांब, थांब! मी आत्ता माफी मागतो!"

"तुम्ही नका मागू! मी मागते!"

पण शैलेंद्ररावांची बोटं सुटली होती. 'माफ करा' लिहायला गेले, घाईत भलतीकडेच बोट पडलं आणि त्यांच्या कॅटलॉगमधलं रंगीत कार्ड सर्रकन निघून गेलं: 'फॅमिली पॅकेज. पूरा परिवार, एक साथ साफ़!'

"काढा ते! काढा!" दोघी ओरडल्या.

त्यांनी काढलं. पण ते फक्त त्यांच्या स्वतःच्या फोनवरून निघालं.

शमिकानं मटकन खुर्चीत बसून डोळे मिटले. शैलेंद्ररावांनी फोन लावला. धारकरांचा बंद. केदारचा वाजत राहिला, कोणी उचलला नाही. त्यांनी पंखा लावला, बंद केला. जिना उतरून खाली गेले, वर आले.

"मी जातो शिवाजी नगरला," ते म्हणाले. "समोरासमोर पाय धरतो."

"एकटे जाऊ नका," सिंधूताई म्हणाल्या. "लग्न तर मोडेलच, वर ओळखसुद्धा मोडून याल. शमिका, जा गं यांच्याबरोबर."

इस्त्रीचा कुर्ता घालून शैलेंद्रराव निघाले. रस्ताभर ते माफीची भाषणं रचत होते आणि शमिका मागून ती खोडत होती.

"'दिलसे माफी' म्हणू का?"

"काही म्हणू नका, बाबा. फक्त स्कूटर सरळ चालवा."

शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टर्सच्या गल्लीत वळले आणि शैलेंद्ररावांनी करकचून ब्रेक दाबला. धारकरांच्या घरातलं सगळं सामान रस्त्यावर आलं होतं! सोफा, कपाट, गाद्या, फ्रीज. केदार डोक्यावर पितळी घागर घेऊन बाहेर येत होता. त्याच्या आई, प्रतिभाताई, भांड्यांच्या टोपल्या मोजत होत्या. आणि झाडाखाली बाजेवर शहाऐंशी वर्षांचे आजोबा मफलर गुंडाळून बसले होते.

"शमिका," शैलेंद्रराव कुजबुजले, "घर सोडून पळताहेत गं हे लोक! माझ्या भीतीनं!"

शमिका स्कूटरवरून खाली उतरली.

तेवढ्यात मनोहर धारकर दारात आले. अंगात बनियन, केसांत जळमटं. त्यांनी शैलेंद्ररावांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि खोकले.

"साहेब!" शैलेंद्ररावांनी दोन्ही हात जोडले. "माझ्या हातून फार मोठी..."

"उशीर केलात," धारकर म्हणाले. "पंप कुठाय?"

"पंप?"

"तुम्हीच लिहिलंत, मी खुद्द येईन, सगळ्यांचा बंदोबस्त एकदाच करतो. वर ते पॅकेजही पाठवलंत. आम्ही लगेच सामान काढायला घेतलं. माझा फोन बंद पडून कुठल्या तरी गादीत गेलाय."

प्रतिभाताई पदराला हात पुसत पुढे आल्या. "काय सांगू भाऊ! वाळवीनं दारांच्या चौकटी खाल्ल्या, ढेकणांनी आम्हाला खाल्लं. अर्ज करून करून थकलो. कोणी फिरकलं नाही. आणि तुम्ही कसं ओळखलंत हो? केदारनं सांगितलं वाटतं?"

केदारनं घागरीखालून शमिकाकडे पाहिलं. शमिकानं मान जोरात खाली-वर हलवली. "हो, आई," केदार म्हणाला, "मीच बोललो होतो."

शैलेंद्ररावांचं तोंड उघडंच होतं. शमिकानं त्यांच्या पाठीला चिमटा काढला.

"हो! हो, म्हणजे, घरचंच काम!" ते म्हणाले. "पंप घेऊन आलोच!"

स्कूटर अशी सुटली की आजोबांचा मफलर उडाला. पंप, ड्रिल आणि डबे घेऊन ते परत आले, इस्त्रीच्या कुर्त्यावरच मास्क चढवला आणि कामाला लागले. आणि गंमत म्हणजे, ड्रिल हातात आल्यावर त्यांची सगळी तगमग थांबली. चौकटीशी गुडघे टेकून ते एकेका भोकात औषध सोडत होते, संथपणे, कोणाशी न बोलता. शमिका खिडकीतून बघत राहिली. इतके शांत बाबा तिनं कारखाना सुटल्यापासून पाहिले नव्हते.

दिवेलागणीला सगळे रस्त्यावरच्या सोफ्यावर चहा प्यायला बसले. शैलेंद्ररावांच्या कुर्त्याचा रंग ओळखू येत नव्हता. धारकरांनी चहा संपवला.

"उद्याचं आमचं येणं रद्द," ते म्हणाले.

शमिकाचा कप बशीवर वाजला. केदार उठून उभा राहिला. शैलेंद्ररावांनी क्षीण आवाजात विचारलं, "का हो, साहेब?"

"तुम्हीच म्हणालात ना, आज-उद्या घरात झोपायचं नाही?"

"हो. औषधाचा वास असतो."

"मग उद्या कशाला?" धारकर उठले. "आत्ताच येतो. राहायला. सहाजण."

तिकडे कोलार रोडवर सिंधूताईंनी दार उघडलं तेव्हा बाहेर आजोबा, बाजेसकट, उभे होते. कप कमी होते, गाद्या कमी होत्या, घरात कोथिंबिरीची एक काडी नव्हती. सिंधूताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की एखादं झुरळ जागेवर मेलं असतं. पण त्या रात्री पागे कुटुंब जमिनीवर आणि धारकर कुटुंब पलंगांवर झोपलं, आणि सकाळी पोहे खाता खाता धारकर दोनदा खोकले. केदारनं हळूच सांगितलं, दोनदा म्हणजे मंजूर.

पेजवर पुढच्या आठवड्यात पहिला अभिप्राय आला. शैलेंद्रराव फोन घेऊन घरभर नाचले. मग शमिकानं तो मोठ्यानं वाचला. मनोहर धारकर, चार तारे: "काम उत्तम. माणूस प्रेमळ, पण एका जागी बसत नाही. मुलगी आईवर गेली असल्याचे कळते. हरकत नाही."

"आणि पाचवा तारा?" शैलेंद्ररावांनी विचारलं. "पाचवा कुठं ठेवला?"

"मी विचारलं त्यांना," शमिका म्हणाली. "म्हणाले, पावसाळ्यानंतर. वाळवी परत आली नाही तर."

तेव्हापासून शैलेंद्रराव दर रविवारी टॉर्च घेऊन शिवाजी नगरला जातात आणि व्याह्यांच्या घरच्या चौकटी ठोकून बघतात. शेजारची मंडळीही आता हक्कानं हाक मारतात, "पागेजी, इधर भी देख लीजिए ना!" आणि पैशांचं विचारलं, की सगळे एकसुरात म्हणतात, "अरे, आप तो घर के आदमी हैं!"